साठच्या पुढची थरथर

हनुमंत कोळपेची मारुती साठच्या पुढे गेली की थरथरायची. साठपर्यंत तिचं चालणं अगदी घरंदाज होतं. काटा साठाला टेकला की आधी स्टिअरिंगला बारीक कंप सुटायचा, तिथून तो हनुमंतच्या मनगटांत, मग कोपरांत चढायचा, आणि पासष्टला त्याचे गाल हलायला लागायचे. सत्तरचा अनुभव त्याने एकदाच घेतला. त्यात त्याचा चष्मा घसरून मिशीवर येऊन बसला आणि शेजारी बसलेली सुषमा 'अहो हळू' म्हणाली, ते मशीनवर शिवल्यासारखं तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आलं.

आता शिरूर तालुक्यात साठच्या पुढे जायला रस्ता आहेच कुठे, असं एखादा म्हणेल. खरं आहे. नगर रस्ता सोडला तर बाकीच्या रस्त्यांवर गाडी थरथरते की रस्ता, हे ठरवायला पंच बसवावे लागतील. हनुमंतनेही सुरुवातीला सगळा दोष रस्त्यालाच दिला. पण नगर रस्ता तेव्हा नुकताच डांबरी, गुळगुळीत झालेला. त्याच्यावर किती दिवस आळ घेणार?

बरं, हनुमंत काही ऐरागैरा नव्हता. रांजणगावच्या एका कारखान्यात तो क्वालिटीमध्ये होता. म्हणजे लोकांनी दिवसभर घाम गाळून बनवलेली वस्तू हातात घ्यायची, उजेडाकडे धरायची आणि 'रिजेक्ट' म्हणायचं, याचा त्याला पगार मिळत असे. एका केसाएवढा चरा त्याला लांबून दिसायचा. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीने त्याला असं हलवावं, ही गोष्ट त्याच्या फार मनाला लागली होती. त्यातून त्याचं नाव हनुमंत आणि दारात मारुती. गल्लीतली माणसं आधीच फार खुशीत होती.

पण खरी अडचण वेगळीच होती. गाडी मेहुण्याकडून घेतलेली होती.

दुकानातून घेतलेल्या वस्तूत खोट निघाली तर दुकानदाराशी भांडता येतं. मेहुण्याच्या गाडीत खोट निघाली तर भांडण स्वयंपाकघरात होतं, आणि तिथे निकाल देणारी आरोपीची सख्खी बहीण असते. सुषमाचा मोठा भाऊ हौसराव दौंडला राहायचा. वडील सर्जेराव मदने रेल्वेतून रिटायर झालेले, भीमेच्या काठाला मळा, आणि हौसरावला दर दोन वर्षांनी गाडी बदलायचा नाद. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याने ही मारुती बहिणीच्या घरी दिली. गाडी आधीपासून थरथरत असेल तर हौसराव लबाड ठरत होता. शिरूरला आल्यावर थरथरायला लागली असेल तर हनुमंत अडाणी ठरत होता. तिसरं काही कारण असू शकतं, हे दोन्ही घरांत कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर आवडलं नसतं.

कारखान्यात तेव्हा नुकतीच एक जपानी पद्धत शिकवली होती. कुठलीही खोट निघाली की 'का' असं पाच वेळा विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं. हनुमंतने ती पद्धत घरी वापरायची ठरवली. सुषमा भाकरी थापत होती.

"गाडी का थरथरते?" त्याने विचारलं.

"तुम्ही जोरात चालवता म्हणून."

"जोरात का चालवतो?"

"कंपनीत उशीर होतो म्हणून."

"उशीर का होतो?"

"आंघोळीला अर्धा अर्धा तास लावता म्हणून."

"एवढा वेळ का लागतो?"

"बाथरूममध्ये बसून गाडीचा विचार करता म्हणून."

"आणि गाडीचा विचार का करतो?"

"माझ्या भावाकडनं घेतलीय म्हणून," सुषमा म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "दुसऱ्या कुणाकडनं घेतली असती तर इतक्यात विसरला असता."

पाच 'का' संपले होते. मूळ कारण हाती लागलं होतं. फक्त ते कंपनीच्या फॉर्मात लिहिण्यासारखं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारी पडवळ भाऊसाहेब राहायचे. हे रिटायर तलाठी. आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा दुसऱ्याच्या कॅरिअरवर बसून वापरली. पण वाहनांबद्दल त्यांची मतं पक्की होती. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर चपलेने टकटक केलं आणि विचारलं, "ताबा घेताना पंचनामा केला होता का?"

"मेहुण्याच्या गाडीचा पंचनामा कसा करणार, भाऊसाहेब?"

"तिथंच चुकलं. माझ्या सर्व्हिसमध्ये मी सख्ख्या चुलत्याच्या विहिरीचा पंचनामा केलाय. नंतर तो बोलला नाही, पण विहीर कागदावर आली." आणि चुलता का बोलत नाही याची गोष्ट सांगता सांगता ते दोन कप चहा पिऊन गेले.

हनुमंतच्या वडिलांनी, गेणबांनी, निम्मं आयुष्य मेंढरांमागे काढलेलं. आता निमोण्याला थोडी जमीन होती आणि ते तिथून आठवड्याला एक फेरी शिरूरला मारत. त्यांनी स्टिअरिंगचा कंप हात लावून बघितला. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. हनुमंतला वाटलं, आता काहीतरी पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान बाहेर पडणार.

"पोटात जंत हायेत," गेणबा म्हणाले.

"आबा, गाडी हाय ही."

"व्हय रं. पर मान हालवतीय न्हवं? मेंढरू असं मान हालवाय लागलं की पोटात बघायचं. पेट्रोल बदल."

हनुमंतने पेट्रोल बदललं. म्हणजे नगर रस्त्यावरचा पंप सोडून दुसऱ्या पंपावर जायला लागला. असल्या गोष्टी माणूस शुद्धीत करत नाही. पण वडिलांचा मान राहतो आणि कदाचित, कुणी सांगावं, असंही मनात असतंच. थरथर होती तशीच राहिली.

शेवटी तो सम्राट भालेरावच्या दुकानात गेला. सम्राटने शिरूरला नवीनच चाकांच्या अलाइनमेंटचं कॉम्प्युटर मशीन आणलं होतं. चाक पुढून सरळ आहे की तिरकं, हे पडद्यावर हिरव्या-लाल रेघांनी दिसायचं. चाकाचं वजन तोलायचं, बॅलन्सिंगचं दुसरं मशीन पुण्याहून यायचं होतं. ते बऱ्याच महिन्यांपासून यायचंच होतं.

सम्राटने गाडी खड्ड्यावर घेतली, खालून बघितलं, पान्याने कुठेकुठे पिळलं आणि पडदा दाखवला. सगळ्या रेघा हिरव्यागार.

"कॉम्प्युटर म्हणतोय चाकं सरळ हायेत."

"मग थरथरते कशाने?"

"साहेब, ते कॉम्प्युटरला विचारायची सोय न्हाई. गाडी कुठली?"

"दौंडची."

"तरीच," सम्राट म्हणाला आणि पाना पुसायला लागला.

या 'तरीच'मध्ये नेमकं काय होतं, ते हनुमंतने विचारलं नाही. पण तो शब्द त्याने घरी आणला, जेवताना ताटाशेजारी ठेवला, आणि सुषमाने तो लगेच ओळखला. त्या रात्री वाढताना भाजी ताटात नेहमीपेक्षा जरा लांबून पडली.

दुसऱ्या रविवारी हौसरावचा फोन आला. "दाजी, तिकडच्या माणसांना गाडीतलं काय कळतंय? इकडं आणा. आपला मिस्त्री हाय."

हनुमंत दौंडला गेला. हौसरावचा मिस्त्री म्हणजे त्याच्या शाळेतला सोबती. त्याने पुढची दोन्ही चाकं काढली, एकेक करून बॅलन्सिंगच्या यंत्रावर गरागरा फिरवली आणि यंत्राने सांगितलं तिथे कडेला शिशाचे तुकडे ठोकले. उजव्या चाकाला इतके ठोकले की एखाद्या बाईने नाका-कानात नथ, बुगडी, मोरणी सगळं एकदम घालावं तसं ते दिसायला लागलं. तोंडात तंबाखू होती, त्यामुळे मिस्त्री काम करताना कुणाशी बोलला नाही आणि चाकाच्या आतल्या बाजूला बघायच्या भानगडीतही पडला नाही.

मग हौसराव स्वतः बसला चालवायला. पाटसच्या रस्त्याला गाडी लावली. साठ झाले, सत्तर झाले, ऐंशी झाले. हौसरावने टपरीवरून आणलेला चहाचा ग्लास समोर काचेपाशी ठेवला होता. चहावर साय धरायला लागली, इतकी गाडी स्थिर.

"बघा," हौसराव म्हणाला. "गाडीला काय न्हाई झालं. दौंडात न्हाई थरथरत ती. तुमचा हात जरा जड हाय, दाजी. राग मानू नका."

हनुमंतने राग मानला. पण चहाचा ग्लास समोर होता.

परतताना तो एकटाच होता. चौफुला सोडला, भीमेचा पूल ओलांडला, गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली होती. हनुमंतला आनंद होत होता आणि त्या आनंदाचाच राग येत होता. गाडी थरथरली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायला लागलं, आणि न्हावऱ्याच्या अलीकडे एक खड्डा आला. गाडी त्यात बसली आणि उठली. खालून धप्प असा आवाज आला. त्यानंतर गाडी जी थरथरायला लागली, ती साठाची वाट न बघता चाळिसालाच. आरसा हलला, काचा हलल्या, मागच्या सीटवर सासूबाईंनी दिलेला कुरडयांचा डबा नाचायला लागला.

न्हावऱ्याच्या फाट्यावर एका पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. गाडीची चाल बघून त्याला वेगळाच संशय आला होता. त्याने आधी हनुमंतच्या तोंडाचा वास घेतला, मग कागद मागितले.

"हौसराव सर्जेराव मदने," त्याने वाचलं. "तुम्ही?"

"न्हाई. मी हनुमंत कोळपे. गाडी माझी हाय. म्हणजे घेतलीय, पण अजून नावावर झाली नाही."

"मग कुणाची?"

गाडी नावावर करायच्या फॉर्मवर हौसरावची सही व्हायची राहिली होती. दर वेळी चहा झाला, जेवण झालं, सही राहिली.

"मेहुण्याची," तो म्हणाला.

पोलिसाच्या चेहऱ्यावर एकदम सगळं समजल्याचं हसू आलं. जगात मेहुण्याची गाडी चालवणाऱ्या माणसांकडे बघून जे हसू येतं, ते. त्याने कागद परत दिले, वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाला, "एक्सेल गेलाय. विकून टाका. पण तुम्हाला विकता पण यायची न्हाई."

घरी आल्या आल्या हनुमंतने फोन उचलला. गाडी नुसती आपल्यासमोर नीट चालावी म्हणून मिस्त्रीने काहीतरी तात्पुरती करामत केली, असा त्याचा पक्का ग्रह झाला होता. फोनवर तो बरंच बोलला. त्यात 'फसवलं' हा शब्द आला.

"माझ्या भैनीच्या दारात मी मोडकी गाडी लावीन व्हय?" पलीकडून हौसराव हळू आवाजात म्हणाला. "हा शब्द मागं घेईपर्यंत मी तुमच्या दारात यायचा न्हाई." आणि फोन ठेवला.

सुषमाने दारात उभं राहून सगळं ऐकलं होतं. ती भांडली असती तर हनुमंतला बरं वाटलं असतं. भांडणाची त्याने तयारी केली होती, मुद्दे काढून ठेवले होते. पण ती आत गेली आणि कुरडयांचा डबा फळीवर ठेवून दिला. त्यानंतर तिने माहेरचं नाव काढलं नाही. दिवाळीचा फराळ तिने एकटीने केला. चकली मोडली तेव्हाही काही म्हणाली नाही. दर वर्षी 'दादाला बेसनाचे आवडतात' म्हणून वेगळे लाडू व्हायचे. या वर्षी ते वेगळे झाले नाहीत. हनुमंतच्या नजरेतून केसाएवढा चरा सुटत नसे, तर हे कसं सुटणार? त्याला ते दिसलं, आणि काय करावं ते कळलं नाही. शब्द मागे घ्यावा तर गाडी दारात थरथरत उभी. न घ्यावा तर घरात बायको गप्प.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी गेणबा निमोण्याहून आले. पाणी पिऊन त्यांनी सुनेकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"उद्या दौंडला जायचं," ते म्हणाले. "तो तुझ्या दारात यायचा न्हाई म्हनला. तू त्याच्या दारात जायचं न्हाई, असं कोन म्हनलं न्हाई. मी बी येतो. इवाई-इवाई बोलून मिटवू."

सुषमाने त्या संध्याकाळी बेसन भाजलं.

दौंडपर्यंतचा प्रवास पस्तिसाच्या वेगाने झाला. वाटेत उसाचे ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेले. एकदा तर मागे बसलेल्या म्हातारीसकट एक लुना पुढे गेली, आणि म्हातारीने वळून कीव आल्यासारखं बघितलं. गेणबा पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी पटका धरून बसले होते. सासऱ्यांच्या दारात गाडी वळवली आणि फाटकातच फुस्स झालं. उजवं पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा.

सर्जेराव ओसरीवरून उठून आले. हौसरावही आला, पण हनुमंतकडे न बघता चाकाकडे बघत आला. गाडी फाटकात आडवी, तिला हलवल्याशिवाय कुणाला आत येता येत नव्हतं की बाहेर जाता येत नव्हतं. मग एकमेकांशी न बोलणारे दोन पुरुष एक चाक बदलायला लागले. हौसरावने जॅक लावला, हनुमंतने नट सोडले. पान्याची देवाणघेवाण डोळ्यांनीच झाली.

चाक निघालं. हनुमंतने ते उचललं, पण जड लागलं म्हणून हातातून सुटलं आणि बाहेरची बाजू खाली करून पालथं पडलं.

आतल्या बाजूला, लोखंडी चाकाच्या पोकळीत, वाळून दगड झालेल्या चिखलाचा मोठा पोपडा चिकटलेला होता. अर्ध्या भाकरीएवढा. शेजारी दुसऱ्या अर्ध्या भाकरीची जागा रिकामी होती, तिथला पोपडा निखळून पडल्याची ताजी कड दिसत होती. आणि बरोबर समोरच्या कडेला मिस्त्रीने ठोकलेल्या शिशाची रांग.

हनुमंत उकिडवा बसून बघत राहिला. मग त्याला सगळं कळलं. चिखलाने चाक एका बाजूला जड झालं, म्हणून थरथर. मिस्त्रीने चिखल न काढता त्याच्या वजनाला तोलून समोर शिसं ठोकलं, म्हणून दौंडात गाडी शांत. न्हावऱ्याच्या खड्ड्यात निम्मा चिखल पडला आणि शिसं जड झालं, म्हणून चाळिसालाच नाच. सम्राट खरा होता, मिस्त्रीचं यंत्र खरं होतं, हौसरावचा चहाचा ग्लासही खरा होता. गाडीत काही बिघडलेलंच नव्हतं. त्याने हे सगळं जवळजवळ स्वतःशीच, पण मोठ्याने सांगितलं.

"म्हंजी चिखल," सर्जेराव म्हणाले.

"चिखल," हनुमंत म्हणाला.

आता शांतता व्हायला हरकत नव्हती. पण हौसरावच्या मनात शब्द सलत होता. "ह्यो तुमच्याकडचा चिखल," तो म्हणाला. "दसऱ्याला गाडी घेऊन निमोण्याच्या देवाला गेला, त्या दिवशी पाऊस लागला हुता. सुषमाच म्हनली हुती."

"आणि देण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मळ्यात घातली होती ती?" हनुमंत म्हणाला. "तुमच्याकडे काय ऊन पडलं होतं?"

"तुमचाच हाय चिखल."

"तुमचा."

सर्जेराव वाकले. त्यांनी पोपड्याचा एक तुकडा मोडला, बोटांत चुरला, तळहातावर पसरला, वर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि अंगठ्याने मळला. माती लोण्यासारखी झाली. काळीभोर, चमकदार.

"हौश्या," ते म्हणाले, "डोळं फुटलं का तुझं? ही निमोण्याची माती व्हय? निमोण्यात अशी माती असती तर ह्यांनी मेंढरं कशाला राखली असती? ही आपल्या भीमंची गाळाची माती हाय."

हौसरावचा चेहरा पडला. "आप्पा, जरा ऐका की."

"तू गप. आपल्या मातीला दुसऱ्याचं नाव देतोस?"

आतापर्यंत गेणबा फाटकाला टेकून स्वस्थ उभे होते. मेंढरांचं नाव निघाल्यावर त्यांनी पटका सारखा केला आणि पुढे आले. त्यांनी सर्जेरावांच्या तळहातावरूनच चिमूट उचलली.

"इवाई," ते म्हणाले, "रेल्वेत कोळसा बघून तुमची नजर ग्येली. ही माती आमची हाय. नाल्याखालचा तुकडा हाय आमचा, देवाच्या अंगाला. तिथनंच गाडी ग्येली हुती. हरभरा असा येतो तिथं."

"हरभऱ्याचं कवतिक सांगू नका. इथं ऊस येतो."

"ऊस काय, पानी पाजलं की दगडावर बी येतोय."

हनुमंतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिखल भीमेचा आहे, असं सासरे छातीवर हात ठेवून सांगत होते. म्हणजे गाडी दौंडातूनच खोट घेऊन आली होती, आणि हा कबुलीजबाब व्याह्यांसमोर, आरोपीसमोर, दिवसाढवळ्या झाला होता. इतक्या आठवड्यांची त्याची इज्जत एका वाक्यात परत मिळणार होती. त्याने तोंड उघडलं.

समोर सुषमा उभी होती. हातात ओवाळणीचं ताट. वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून तिने त्याच्याभोवती पदर धरला होता, आणि ती हनुमंतकडे बघत होती. रागाने नाही. नुसती बघत होती, कुठल्या बाजूला चाललाय हा, ते.

हनुमंतने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"हौसराव," तो म्हणाला, "मी तो शब्द मागं घेतला. गाडी चांगली हाय."

हौसरावने मातीचे हात सदऱ्याला पुसले. "माझ्या मिस्त्रीनं आत बघायला पायजे हुतं," तो म्हणाला. "तंबाखू खातो कामात. हजारदा सांगितलं."

"दादा, पाटावर बस," सुषमा म्हणाली. "वात विझतीय."

हौसराव पाटावर बसला. ओवाळताना निरांजनाची वात थरथरत होती, पण त्याचं कारण कुणी शोधलं नाही. मग जेवायला हात धुण्याआधीच हौसरावने फॉर्मवर सही केली. सहीशेजारी मातीचं एक बोट उमटलं. पुढे तेवढ्यावरून पुण्याच्या ऑफिसात 'हा डाग कसला' म्हणून फॉर्म परत आला, पण ती वेगळी कटकट.

दोघे म्हातारे जेवण होताच चालत मळ्याकडे गेले, माती ताडून बघायला. उन्हं उतरताना परत आले, तरी निकाल लागलेला नव्हता. दोघांच्याही चपलांना चिखल होता आणि दोघेही मजेत होते.

परतीच्या रस्त्याला स्टेपनी लावलेली होती. चौफुला मागे पडला तसा हनुमंतने पाय जरा दाबला. पन्नास, साठ, पासष्ट, सत्तर. स्टिअरिंग गप्प. मागे सुषमा खिडकीला डोकं टेकून झोपली होती. हनुमंतने एकदा दोन्ही हात सोडूनही बघितले. शेजारी गेणबा मांडीवर टॉवेलची पुरचुंडी घेऊन बसले होते. चाकातला उरलेला पोपडा त्यांनी निमोण्याच्या तुकड्यातल्या मातीशी ताडायला बरोबर घेतला होता.

"थरथरत न्हाई आता, आबा," हनुमंत म्हणाला. "सत्तर झाले."

गेणबांनी पुरचुंडीवर दुसरा हात ठेवला.

"मंग हळू चालव," ते म्हणाले. "माती सांडंल."